जुन्या जीपची नाडीपरीक्षा

ग्वाल्हेरच्या मराठी घराण्यांचा इतिहास लिहिताना तलवार, सनद, वाडा आणि देवघर यांची नोंद आपण मोठ्या निगुतीने करतो. पडवीत किंवा अंगणातील कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या जीपगाडीची नोंद मात्र कुलवृत्तांतात सहसा आढळत नाही. वास्तविक स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांचा प्रपंच या गाडीने ओढला आहे. जहागिरी गेल्यावर उरलेल्या शेतीकडे जाणे-येणे तिच्यामुळेच निभावले. भिंड-मुरैन्याकडची लग्ने, शिवपुरीची सहल, माहेरी पोचवायची बाळंतीण, हे सारे तिच्याच पाठीवर पार पडले. आज ती उभी आहे. कधी सुरू होते, कधी होत नाही. तिचे काय करावे हा प्रश्न अनेक घरांत जेवणाच्या पाटावर निघतो. मुलगा म्हणतो, भंगारात द्या. वडील म्हणतात, एकदा मिस्त्रीला दाखवू. या वादाचा निवाडा ज्याचा त्याने करावयाचा आहे. पण निवाड्यापूर्वी साक्षीपुरावा नीट पाहिला जावा, एवढाच आमचा आग्रह आहे. यातला पहिला साक्षीदार म्हणजे ते इंजिन. दुसरा म्हणजे इंजिनाची भाषा जाणणारा मिस्त्री. दोघेही वृद्ध झाले आहेत, आणि दुसऱ्याची साक्ष अद्याप कोणी लिहून घेतलेली नाही.

पूर्वपीठिका

यंत्राच्या दुरुस्तीची विद्या आपल्या शहरात जीपबरोबर आली, असे समजणे बरोबर होणार नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचेच 'लष्कर' हे शहर झाले. छावणीत लढवय्ये असतात तसेच लोहार, सुतार, चांभार आणि तोफखान्याचे कारागीरही असतात. मराठी लष्करी व्यवस्थेत तोफखाना व दारूगोळ्याच्या खात्यास 'जिन्सी' म्हणत. 'जिन्सी नाला' हे नाव आजही आपण रोज उच्चारतो. त्याआधी महादजी शिंद्यांच्या काळात आग्र्यास सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतीत असे. तेव्हा तापलेल्या धातूशी आणि झिजलेल्या यंत्राशी आपल्या पूर्वजांच्या परिवाराचा संबंध दोनशे वर्षांहून जुना आहे.

माधवराव महाराजांच्या कारकीर्दीत या विद्येस नवे वळण लागले. महाराजांना इंजिनांचे विलक्षण वेड होते. जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी पाहुण्यांना अजूनही दाखविली जाते. परंतु त्यांचे खरे स्मारक म्हणजे ग्वाल्हेर लाइट रेल्वे. अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून ही गाडी श्योपूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटर धावत असे. तिची सेवा २०२० मध्ये थांबली. या रेल्वेने शहराला फिटर, बॉयलर जाणणारे आणि लेथ चालविणारे कारागीर दिले. आमच्या मते, पुढे मोटारींच्या दुरुस्तीस लागणारा हात या रेल्वेच्या कारखान्यांतच तयार झाला.

मोटारीच्या बाबतीतही ग्वाल्हेर मागे नव्हते. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक कसोटी झाली. तीत वाटेतले घाट ओलांडताना इंजिन किती वेळा बंद पडते हे पाहिले जाई. त्या कसोटीत नाव कमावलेली 'पर्ल ऑफ द ईस्ट' ही रोल्स-रॉईस नंतर ग्वाल्हेर दरबाराने विकत घेतली, असे मोटारींच्या इतिहासात नमूद आहे. सह्याद्रीचे घाट चढलेली गाडी ग्वाल्हेरीस यावी, हा योग पुढेही अनेकदा जुळून आला.

जीपचे आगमन

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बनविलेली विलीज जीप युद्ध संपताच नागरी जीवनात उतरली. मुंबईत १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र आणि महंमद' ही कंपनी स्थापन झाली होती. फाळणीनंतर भागीदारांपैकी गुलाम महंमद पाकिस्तानात गेले व पुढे तेथील गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र आणि महिंद्र' असे झाले. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस तिने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. त्याच सुमारास, मे १९४८ मध्ये, ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. काही वर्षांतच जहागिरी रद्द झाल्या. मोठ्या मोटारी व त्यांचे चालक पोसणे सरदार घराण्यांना परवडेनासे झाले. ज्यांनी शेती राखली त्यांना नांगरटीच्या वावरात जाणारी आणि नवशिक्या हातानेही दुरुस्त होणारी गाडी हवी होती. जीपने ती गरज भागविली.

त्या पहिल्या जीपचे इंजिन आजही अभ्यासण्याजोगे आहे. चार सिलिंडर, सुमारे २२०० घनसेंटिमीटर, साठ अश्वशक्ती. झडपा बाजूला, ठोकळ्यातच. त्यामुळे हेड म्हणजे केवळ एक झाकण. पुढे 'हरिकेन' इंजिन आले. त्यात हवा-पेट्रोल आत घेणारी झडप हेडमध्ये गेली व धूर सोडणारी खालीच राहिली. दोन्ही इंजिनांत बॉनेट उघडताच प्रत्येक अवयव नजरेस पडतो आणि हाताला लागतो. दुखणे ओळखण्याची आपल्याकडची परंपरा या मोकळेपणावर उभी राहिली.

चंबळच्या बेहडांचा इतिहासही जीपशी जोडलेला आहे. पोलिसांच्या जीपगाड्या त्या घळींतून फिरल्या. एप्रिल १९७२ मध्ये जौरा येथे जयप्रकाशजींच्या उपस्थितीत डाकूंचे सामुदायिक आत्मसमर्पण झाले, तोवर बेहडातली धूळ इंजिनात शिरली की काय होते, हे ग्वाल्हेर-मुरैन्याच्या मिस्त्रींना पुरते कळून चुकले होते. शेजारच्या जबलपूरला १९६९ पासून लष्करासाठी 'जोंगा' बनू लागली. मूळ आराखडा जपानच्या निसानचा, सहा सिलिंडरांचे जवळपास चार लिटरचे पेट्रोल इंजिन. लष्करातून निवृत्त झालेल्या जोंगा लिलावात नागरिकांच्या हाती आल्या. त्यांची पेट्रोलची भूक पाहून पुष्कळांनी त्यांत डीझेल इंजिन बसवून घेतले.

आग्रा रोडवरून आलेले डीझेल

रुडॉल्फ डीझेलचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले. ते मोटारीत बसण्याजोगे झाले ते इंधन अचूक मापाने फवारणाऱ्या पंपामुळे. हा पंप जर्मनीच्या बॉशने १९२७ मध्ये उत्पादनात आणला. भारतात १९५१ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या मायको कंपनीने तो घरोघर पोचविला. आजही जुना मिस्त्री 'पंप' न म्हणता 'मायको' म्हणतो. जीपमध्ये आधी ट्रॅक्टरच्या जातीचे डीझेल इंजिन बसले. नंतर फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्याने बनलेले, सुमारे २१०० घनसेंटिमीटरचे इंजिन आले. महिंद्रांचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीला व गाड्यांचा नाशिकला. टाटांची सुमो १९९४ मध्ये पुण्याहून आली. तिचे नाव सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून ठेवलेले आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. फिरोदियांच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स पुण्याचीच. तिचे इंजिन मर्सिडीजच्या आराखड्याचे. पुढे २००० मध्ये बोलेरो व २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली.

इगतपुरी, नाशिक, धुळे, इंदूर, गुणा, शिवपुरी, ग्वाल्हेर: जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक तीनवरची ही गावे क्रमाने वाचली की आमचा मुद्दा ध्यानात येईल. दक्षिणेतून उत्तरेस आलेल्या आपल्या घराण्यांप्रमाणे ही इंजिनेही महाराष्ट्रातून निघून ग्वाल्हेरीस स्थायिक झाली. ग्वाल्हेरच्या मेळ्याने त्यांस हातभार लावला. १९०५ मध्ये माधवराव महाराजांनी सुरू केलेल्या या मेळ्यात प्रारंभी गुरांचा बाजार प्रमुख होता. पुढे अनेक वर्षी शासनाने मेळ्यातील वाहनखरेदीवर पथकरात सवलत दिली आणि बैलांच्या जागी गाड्या पाहण्यासाठी गर्दी होऊ लागली.

तथापि सह्याद्रीच्या कुशीत बनलेल्या इंजिनास येथील हवा सोसावी लागली. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपुढे जाणारा पारा, बेहडातील पिठासारखी धूळ आणि पौषातले गोठवणारे धुके, हे तीन आपल्या प्रदेशाचे परीक्षक. इंजिनाचे कोणते दुखणे केव्हा उघडे पडेल, हे पुष्कळ अंशी तेच ठरवितात.

त्रिविध परीक्षा

आयुर्वेदात रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशा तीन मार्गांनी करावी असे सांगितले आहे. लष्करातील जुन्या मिस्त्रींनी हे शास्त्र वाचलेले नसावे. परंतु त्यांची रीत नेमकी तीच होती. तीत त्यांनी श्रवणाची भर घातली.

प्रथम प्रश्न. चांगला मिस्त्री बॉनेट उघडण्यापूर्वी मालकाशी बोलतो. दुखणे गार इंजिनात होते की गरम? चढावर की सपाटीवर? तेल किती दिवसांत कमी झाले? पाणी किती वेळा घालावे लागले? शेवटी कोणी व काय उघडले होते? अर्धे निदान या उत्तरांत असते. मालकाने 'गाडी बरोबर चालत नाही' एवढेच सांगितले, तर मिस्त्रीला अंधारात हात घालावा लागतो आणि त्या अंधाराचे पैसे मालकच मोजतो.

नंतर दर्शन, आणि त्यात मुख्यतः धुराचे. निळसर धूर म्हणजे इंजिनचे तेल जळत आहे. रिंगा व सिलिंडर झिजले असतील किंवा झडपांच्या मार्गिका सैल झाल्या असतील. चढ उतरून पुन्हा वेग घेताना निळा लोट निघाला तर संशय झडपांवर जास्त. सतत निघत असेल तर रिंगांवर. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी: हवेचे गाळणे तुंबले असेल, नोझल फवारण्याऐवजी ठिबकत असेल वा पंपाचे माप बिघडले असेल. पांढऱ्या धुराचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. डोळ्यांस झोंबणारा, गाडी तापताच नाहीसा होणारा पांढरा धूर न जळलेल्या डीझेलचा. थंडीत तो हीटर प्लग निकामी झाल्याची खूण असतो. गाडी तापूनही न थांबणारा, ओलसर आणि सोबत रेडिएटरचे पाणी घटविणारा पांढरा धूर हेड गॅस्केट फुटल्याचा किंवा हेडला तडा गेल्याचा. तेलाच्या टोपणाखाली दुधासारखा फेस दिसला तर पाणी तेलात मिसळत असल्याची शंका घ्यावी. थोडा फेस हिवाळ्यात नुसत्या दमटपणानेही जमतो. म्हणून मोजपट्टीवरचे तेलही पाहावे.

स्पर्शन म्हणजे हाताची परीक्षा. रेडिएटर वर गरम व मध्ये कुठे कुठे गार लागला तर त्याच्या नळ्या क्षारांनी बुजल्या आहेत. आपल्याकडे विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले गेले आणि चहाच्या किटलीत धरते तसे कीट आत धरले. इंजिन चालू असताना तेलाचे टोपण सैल करून वर हात धरावा. जोराचा वाफारा हातावर आला तर जळणाचा दाब रिंगांमधून खाली निसटत आहे. आपल्याकडे याला 'बॅक मारणे' म्हणतात. पेट्रोल जीपच्या धुराड्याशी कागदाचा तुकडा धरण्याची युक्तीही जुनी आहे. निरोगी इंजिन कागद सारखा बाहेर ढकलते. कागद मधूनच आत ओढला जाऊ लागला तर एखादी झडप जळाल्याचा संशय घ्यावा.

शेवटी श्रवण. लांब पेचकसाचे टोक इंजिनावर व मूठ कानाच्या मागील हाडावर टेकवून ऐकणारा मिस्त्री आपण सर्वांनी पाहिला आहे. वरून येणारी हलकी, जलद टिकटिक बहुधा टॅपेटच्या अंतराची; ते अंतर पानांच्या मापाने नीट करता येते. सकाळी मोठी असणारी आणि गरम होताच विरणारी खडखड झिजलेल्या पिस्टनची. खालून येणारी, जड, गाडी जोर लावताना वाढणारी ठकठक बेअरिंगची. तेलाचा दाब दाखविणारा काटा गरम इंजिनात मंदगतीवर खाली बसत असेल तर ती ठकठक पुढच्या खर्चाची सूचनाच समजावी आणि गाडी तेथेच थांबवावी. दोष कोणत्या सिलिंडरचा हे कळण्यासाठी जुन्या डीझेल इंजिनात एकेका नोझलच्या नळीची चाकी किंचित सैल करून पाहतात. जिच्यामुळे इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच निकामी असतो. येथे एक इशारा देणे आम्हांस आवश्यक वाटते. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांत ही युक्ती कदापि करू नये. त्यांतील डीझेलचा दाब इतका प्रचंड असतो की फवारा कातडी भेदून आत शिरतो.

तीन ऋतूंची तीन दुखणी

उन्हाळ्यात जुन्या पेट्रोल जीपचे पेट्रोल नळीतच उकळते आणि पंप वाफ ओढू लागतो. पेट्रोल असून गाडी बंद पडते. पंपावर ओले फडके गुंडाळून थोडा वेळ सावलीत थांबणे हा उपाय शिवपुरीच्या वाटेवर शेकडो वेळा झाला आहे. नळी धुराड्यापासून दूर नेणे हा त्यावरचा टिकाऊ उपाय. डीझेल गाडी तापत असेल तर आधी स्वस्त गोष्टी पाहाव्यात: पंख्याचा पट्टा, रेडिएटरचे टोपण, फुगलेल्या रबरी नळ्या, मग थर्मोस्टॅट, मग रेडिएटर, मग पाण्याचा पंप. हेड उघडण्याची गोष्ट सर्वांत शेवटी. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणे म्हणजे हेडला तडा देणे. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडची प्रथाही तपासून पाहिली पाहिजे. त्यामुळे उन्हाळा निभतो असे वाटते. पण हिवाळाभर इंजिन योग्य तापमानास पोचत नाही, तेलात चिखल साचतो आणि सिलिंडर लवकर झिजतात.

धुळीचे दुखणे सावकाश चालते, म्हणून अधिक घातक. गाळणे स्वच्छ असूनही गाळण्यापासून इंजिनपर्यंतच्या रबरी नळीला चीर गेलेली असेल तर बेहडातली सारी धूळ त्या चिरेतून आत जाते व रिंगांना कानशीसारखी घासते. जुन्या जीपच्या तेलाच्या गाळण्यात धूळ खाली गाळ होऊन बसते. तो गाळ पावसाळ्याआधी नियमाने काढणाऱ्या घरांची इंजिने दुप्पट टिकली, असे जुने मिस्त्री सांगत.

हिवाळ्यातले दुखणे डीझेलचे. प्यूजो घराण्यातील इंजिनांत इंधन आधी एका लहान कोठडीत पेटते. इंग्रज अभियंता हॅरी रिकार्डो याने रूढ केलेली ही रचना आवाज मऊ ठेवते, पण गार कोठडी पेटायला हीटर लागतो. चारांपैकी दोन हीटर जळाले की मकरसंक्रांतीच्या सकाळी गाडी ढकलावी लागते. घरात सगळे बॅटरीला दोष देतात. हीटरपर्यंत वीज पोचते की नाही हे साध्या टेस्ट लॅम्पने कळते. पोचत असूनही हीटर तापत नसेल तर तोच जळालेला. नवी बॅटरी आणण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे. गाळणे बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर गाडी 'हवा घेते', तेव्हा हातपंपाने हवा काढली म्हणजे पुरते.

दुरुस्तीची मर्यादा

निदान झाल्यावर प्रश्न येतो उपचाराचा. जुन्या इंजिनाचा मोठा गुण असा की ते पुन्हा घडविता येते. झिजलेला सिलिंडर लेथवाल्याकडे नेऊन किंचित मोठा कोरतात व त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवितात. ही मापे इंचाच्या वीस, तीस, चाळीस हजारांश अशी ठरलेली असतात. क्रँकचेही तसेच, तो घासून बारीक करतात व जाड बेअरिंग घालतात. कोरण्याची मापे संपली की नवी स्लीव ठोकतात. म्हणजे इंजिनाला आयुष्ये असतात आणि ती मोजलेली असतात. म्हणून आपल्या गाडीच्या इंजिनाचे कितवे आयुष्य चालू आहे, हे मालकास ठाऊक असणे फार महत्त्वाचे. लोहिया बाजार किंवा ट्रान्सपोर्ट नगरात एखादा जुना कारागीर ठोकळ्यावर कोरलेला आकडा पाहून ते सांगू शकतो. बहुतेक घरांत मात्र तो आकडा कोणी टिपून ठेवलेला नसतो.

येथेच या लेखाचा मूळ विषय आहे. मोडी दफ्तरे जपणारे आपण लोक. खर्डे, रोजनामे, ताळेबंद लिहिण्याची सवय आपल्या पूर्वजांनी दक्षिणेतून येथे आणली. पण ज्या यंत्रावर पन्नास वर्षे घर चालले त्याचा रोजनामा आपण लिहिला नाही. तो आपण मिस्त्रीच्या स्मरणावर सोपविला. मिस्त्री आपल्या गाडीला आपल्या मुलांपेक्षा अधिक ओळखत असे, आणि तो गेला की गाडीचा पूर्वेतिहासच जाई. त्याचा मुलगा आज संगणक जोडून दोषाचा क्रमांक वाचतो. हेही ज्ञानच आहे, त्यास कमी लेखण्याचे कारण नाही. संवेदक असलेल्या इंजिनास तेच योग्य. पण ज्या इंजिनात संवेदकच नाहीत, तेथे यंत्रास विचारण्यासारखे काही नसते. तेथे कान, हात आणि मालकाची वहीच उपयोगी पडते.

काळही बदलला आहे. पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या जातीच्या रबराला फुगविते. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या जीपच्या नळ्या, पंपाचा पडदा व कार्ब्युरेटरचे वॉशर बदलून घेणे हे आता केवळ सावधगिरीचे काम राहिलेले नाही, आग टाळण्याचे काम झाले आहे. एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या डीझेलमध्ये गंधक अगदी कमी असते. गंधक काढताना गेलेले वंगण तेलशुद्धी कारखाने मिश्रणे घालून भरून काढतात. तरी जुन्या पंपांची सीले एकदा तपासून घेणे इष्ट. कायद्याचाही विचार करावा लागतो. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी नूतन करावी लागते, आणि मोटारीसाठीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार रुपयांवर गेले. वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये जाहीर झाले. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरील डीझेल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये निर्बंध घातले. त्यानंतर तिकडच्या गाड्या लहान शहरांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. अशी गाडी घेणाऱ्यास वर सांगितलेली परीक्षा विशेष उपयोगाची.

जुनी गाडी ठेवावी असा सरसकट सल्ला आम्ही देत नाही. धूर ओकणारी गाडी शेजारच्या मुलाच्या छातीत धूर भरते. तिचे ममत्व त्या मुलाने का सोसावे? आमच्या मते कसोटी साधी आहे. ठोकळा शाबूत आहे काय, कोरण्याचे आणखी एक माप शिल्लक आहे काय, चासीस गंजून पोखरली नाही ना, आणि दुरुस्तीनंतर धूर मर्यादेत येतो काय? चारही उत्तरे समाधानकारक असतील तर गाडी राखण्यासारखी आहे. ठोकळ्याला तडा आणि चासीसला गंज असेल तर तिला मानाने निरोप द्यावा. ज्यांना तिचे सुटे भाग हवे आहेत त्यांना ते द्यावेत आणि तिची कागदपत्रे व मूळ चावी घराच्या दफ्तरात ठेवावी.

मात्र गाडी राहो वा जावो, तिची वही आज लिहिता येते. त्यासाठी एका रविवारची दुपार पुरते. इंजिनाचा क्रमांक, खरेदीचे वर्ष, कोरण्याचे चालू माप, क्रँकचे माप, हेड किती वेळा उघडले, पंप केव्हा खोलला, रेडिएटर केव्हा साफ केला, तेलाचा खप किती, हे लिहावे. शेवटच्या पानांवर मिस्त्रीला घरी बोलावून, चहा देऊन, त्याच्याच शब्दांत त्याची रीत उतरवून घ्यावी. तो हिंदीत बोलेल, बुंदेली वळणाने बोलेल. तसेच्या तसे लिहावे. कोणता आवाज ऐकून तो काय ओळखतो, हे त्याला कोणी आजवर विचारलेले नाही. आमच्या परिचयातील एका वृद्ध मिस्त्रीस असा प्रश्न केला तेव्हा तो पेचकस हातात घेऊन बराच वेळ उत्तर शोधीत राहिला आणि मग दोन तास बोलला. त्यातले जे आम्हांस समजले ते वर आले आहे. जे समजले नाही ते पुढच्या रविवारी पुन्हा विचारावयाचे आहे. आपल्या घरच्या वह्यांतील अशी पाने मंडळाकडे आली, तर संस्थानी दफ्तरांच्या शेजारी त्यांनाही जागा करून द्यावी, अशी आमची विनंती आहे.